फळ्यावरची तिसरी ओळ

हॅलो?… हां, हॅलो… अहो मीच हाय, मालनबाई. माझा फोन दुसरं कोण उचलंल?… ऐकू यायलंय मला, वरडू नका. पिंगळीहून परभणी काय लांब हाय का एवढं वरडायला?

न्हाई हो… मुद्दाम कशाला न उचलू? फोन पिशवीत होता. आत न्यायला मनाई हाय हितं.

हो, हो… सुकेशनी बरी हाय. लय बरी हाय. आत्ताच शिरा खाल्ला आन पडलीय.

कळा?… थांबल्या की. पहाटंपासून होत्या, आता पार थांबल्या… अहो खरंच. लेकीची आन घेऊन सांगते.

(सुकेशनी, हसू नको गं, टाके वढतील. आन लेकराला झाक नीट, कूलरचं वारं लागंल. तुझ्या बापाला इतक्यात सांगायचं न्हाई. पयलं मला त्येंच्याकडून एक काम करून घेऊ दे.)

हां, बोला… न्हाई, सुकेशनीला पांघरूण घे म्हणत होते… तुमाला आनंद व्हायचाच. कळा थांबल्या म्हंजे आता सहा तारखेला गाठ. ठाव हाय मला. सहा जून, सोळाशे चौऱ्याहत्तर, राज्याभिषेक. पंधरा दिसापासून उठता-बसता तेच ऐकायलेय. डॉक्टरीणबाई म्हणली पाच-सहाच्या आसपास. तुमी त्यातलं आसपास टाकून दिलं आन सहा धरून बसलाव. गावात सांगत फिरलाव ते निराळंच.

काय?… डॉक्टरीणबाईला इचारू? काय म्हणून इचारू?… कळा पुन्यांदा आल्या तर सहापर्यंत थांबवता येतंय का म्हणून?… अहो, लेकरू हाय का एसटी हाय, हात दाखवला की थांबायला?… एसटीबी थांबत न्हाई म्हणा. व्याह्यासमोर म्हणू नका हे. दिनकररावानं सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून घंटी मारण्यात घातलीय, त्येंना राग येतो.

आवाज?… लेकराचा आवाज येणारच की. बाळंतपणाचा वार्ड हाय ह्यो, मोंढ्याचा बाजार न्हाई. लेकरंच रडणार हितं.

(घे, घे तिला उरापाशी. उगी, उगी.)

कुणाला उगी म्हणते?… ज्याला म्हणायचं त्याला. तुमच्या मागं कशाचा गलका हाय ते सांगा… आलीत का तुमच्या शाळंची सगळी जुनी पोरं?… हां, एक जून न्हाई का आज. माझ्या ध्यानात हाय, तुमालाबी शुभेच्छा… मला?… द्या, मलाबी द्या. माझाबी आजच की. माझ्या गुरुजीनं मला एक जून दिला, तुमच्या गुरुजीनं तुमाला दिला, आन तुमी गुरुजी झालाव तर साऱ्या गावाला वाटला. डोक्यावरून हात घेऊन पोराचा कान धरायला लावायचा. कानाला हात लागला की सहा वर्षं पुरी, घाल शाळंत, लिव एक जून. बन्सीधरचे हात आदीच लांब. त्यो कवाच बसला तुमच्या वर्गात, शेंबूड पुसता येत नव्हता तवा.

केक आणला का औंदा?… मानवतहून?… भारीच. नाव काय टाकलं वर?… नुसतं 'शुभेच्छा'? बरं केलं. मागच्या साली सगळ्याइची नावं लिवायला गेले, तर बेकरीवाला म्हणला केक कमी पडायलाय, बाकीची खोक्यावर लिवतो.

आन फळ्यावर काय लिवलं आज?… इचारते उगंच. रिटायर झाल्यावर लोक दारात मोगरा लावतेत, तुमी फळा लावला. दिनविशेष लिवल्याबिगर तुमच्या घशाखाली चहा उतरत न्हाई. आता मी घरी न्हाई तर वाचून तरी दाखवा… एकोणीसशे तीस, डेक्कन क्वीन सुरू झाली… बरं… एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पुणे ते नगर पहिली एसटी धावली… बास? दोनच?… खाली जागा हाय का?… काही न्हाई, उगं इचारलं.

काय म्हणलाव?… पुन्यांदा म्हणा… एक जून हा काय जन्मायचा दिवस न्हाई. रकाना भरायची तारीख हाय. आपल्या नातवंडाला तरी ती नको… हे कधी सुचलं, सारं गाव भरून झाल्यावर?… तसं न्हाई हो. चिडू नका. मला कळतंय. तवा कुणालाच ठाव नसायचं, आई म्हणायची दिवाळीच्या मागं-पुढं, बाप म्हणायचा पेरणीत. तुमी काय करणार, काहीतरी लिवावंच लागायचं. तुमाला कुणी नाव ठिवत न्हाई. पोरं केक घेऊन तुमच्याच दारात आलीत ना?

बरं, बन्सीधर आलाय का तिथं?… तुमी त्याला काल फोन केला होता का?… उगंच? उगंच काहून?… अहो, त्यानं मला सांगितलं सगळं. जन्माच्या नोंदी त्याच्या टेबलावर येतेत म्हणून तुमी त्याला इचारलं, लेकरू आदी झालं तर सहा तारखेला सरकवता येतंय का… त्यो बिचारा मला म्हणला, काकू, गुरुजीला न्हाई म्हणायची सवय न्हाई मला, घाम फुटला. कम्प्युटर हाय म्हणून सुटलो… हां. आन आज केकचा तुकडा हातावर ठिवून तुमी पुन्यांदा त्याच्या कानाला लागणार होता, ना?

उगं खोकू नका.

ही काय पयलीच येळ न्हाई तुमची. सुकेशनीची तारीख काय?… तीन जानेवारी. सावित्रीबाईचा दिवस. साऱ्या शाळंला सांगता, माझी लेक सावित्रीबाईच्या दिवशी झाली, म्हणून मास्तरीण झाली… अहो, बाळंतीण मी होते का तुमी? दोन जानेवारीला दिवेलागणीला झाली ती. सुईण घरी जेवून गेली त्या राती. तुमी शाळंत नाव घालताना एक दिस पुढं ढकलली… मला काय कळत नव्हतं व्हय?… बोलले न्हाई, कारण तुमी लय खुशीत होता. पण दरसाल दोन जानेवारीला मी शिरा करायचे का न्हाई? तुमाला वाटायचं, बायकोला गोडाची हौस. तुमीबी दोनदा मागून खायचा. लेकीचा वाढदिवस व्हता त्यो.

हो, तिला ठाव हाय. बारावीला असताना सांगितलं मी… न्हाई, रागावली न्हाई. शिरा मागितला पुन्यांदा.

आता माझं नीट ऐका. चेष्टा न्हाई ही. पहाटं कळा जोरात आल्या तवा पोरीनं माझा हात असा धरला की बांगडी फुटली. आन काय म्हणली?… आई, म्हणली, माझ्या लेकराला खरा दिवस पायजे. मोठा नसला तरी चालंल, पण खरा. बाबाला सांग… आपल्याला तर दिवसच न्हाई हो. माझी आई म्हणायची, तू तूर सोंगायच्या दिवसात झालीस. कोणत्या साली, कोणत्या वारी, काही न्हाई. मी सुकेशनीला म्हणलं, तुझ्या बापाकडून शब्द घेतल्याबिगर मी त्येंना काही सांगणार न्हाई.

म्हंजे… काही इचारणार न्हाई, असं म्हणले. तुमी शब्द धरू नका.

शब्द द्या मला… तसा न्हाई, फोनवर हो-हो केलेला न्हाई. आत जा. बाबासाहेबाच्या फोटोसमोर उभं राहा… पोराइला म्हणा बसा जरा, केक काय पळून जात न्हाई… पोचलाव?… चप्पल काढली?… काढा मग. आता म्हणा, लेकरू ज्या दिवशी होईल तीच त्याची तारीख… पुटपुटू नका. जन्मभर पोराइला मोठ्यांदा म्हणा म्हणून छड्या मारल्या… हां… आन बन्सीधरला काही सांगणार न्हाई… आन शाळंत घालतानाबी तारखेला हात लावणार न्हाई… आन कुणी इचारलं तर मान खाली घालणार न्हाई… हे कशाला? म्हणा तर खरं. कळंल.

म्हणलाव ना सगळं?

आता खुर्चीवर बसा. बसलाव?… झालं.

अहो झालं म्हंजे झालं. सुकेशनी मोकळी झाली, ऊन तापायच्या आदीच… अहो… ऐका ना… हो, हो, ती खरंच बरी हाय, चार टाके हायती, माझ्यासमोर पडून हसायलीय… मी कुठं खोटं बोलले? कळा थांबल्या म्हणले. थांबल्याच की. रडायचा आवाज आला तवा म्हणले, वार्डात लेकरंच रडणार. त्यातलं एक आपलं हाय, एवढंच राहिलं सांगायचं.

मुलगी हाय.

हो. मुलगी… हां, बोला… गोरी का काळी काय इचारता, आत्ताच आलीय, नुसती लाल हाय. केस लय. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला आता इलाज न्हाई.

लवकर काहून न्हाई सांगितलं?… सांगितलं असतं तर बन्सीधरच्या मोटरसायकलवर बसून तारीख सरकवायला दवाखान्यात आला असता. मी काय तुमाला आज ओळखते?… न्हाई, व्याह्यालाबी न्हाई सांगितलं. पयलं तुमालाच. जावईबापूचा फोन मी पिशवीत घालून ठिवलाय, ते बिचारे दाराशी उभे हायती पेढ्याचा पुडा धरून… आता पाथरीला व्याह्याच्या घरी कळलं की दिनकरराव डबल बेल मारतच येतेत बगा. एसटीच्या वाढदिवसाला नात झाली म्हणून. तुमचा राज्याभिषेक राहिला, त्येंची एसटी पुढं गेली. त्या लाल गाडीचं आता बारसं हुईपर्यंत ऐकून घ्यावं लागंल.

काय म्हणता?… हो… हो, ते खरं हाय. तेच मला सकाळपासून हसू यायलंय. हिला शाळंत घालायला नेलं, तर बाई म्हणतील, आजोबा, ही झाली शाळेची तारीख, आता खरी सांगा. पासपोर्टवाला म्हणंल, हिचीबी एक जूनच का. साऱ्या जिल्ह्यात एक जून ज्यानं त्यानं फुकट घेतला, आन जिचा खरा हाय तिच्यावर कुणाचा इश्वास बसायचा न्हाई… म्हणून तर म्हणायला लावलं, मान खाली घालणार न्हाई म्हणून… हसलाव ना? हसा. लय येळ झाला हसून तुमाला.

मला काय वाटतं सांगू?… मला लय बरं वाटलं हो. इतकी वर्षं ह्या तारखेला केक खाल्ला, पण उसन्यावारी. कुणी शुभेच्छा दिल्या की वाटायचं, दुसऱ्याच कुणाचं तरी आपण घेऊन बसलोय. आज वाटलं, ज्याचं व्हतं ते आलं.

अहो, खडू हाय का खिशात?… असायचाच. बाहेर फळ्याकडं जा… जा म्हणते तर. एसटीच्या खाली जागा हाय म्हणलाव ना? तिथं लिवा… ही काय घटना न्हाई? का न्हाई? रेल्वेगाडी सुरू झाली ती घटना, मोटर सुटली ती घटना, आन माणूस आलं ते न्हाई व्हय?… हां, लिवा. साल पयलं. साल तर ठाव हाय ना तुमाला, का तेबी सरकवता?… काय लिवलं?… सिताराम गुरुजी यांना नात… न्हाई, न्हाई, पुसा ते. तुमचं नाव कशाला मदी? तुमी काय कळा दिल्या? सुकेशनीला मुलगी झाली. बास. एवढंच.

आता वाचा. पयल्यापासून. पोराइला ऐकू गेलं पायजे…

(ऐक गं, स्पीकरवर टाकते. ऐक, तुझा बाप वाचायलाय.)

…हां… डेक्कन क्वीन… एसटी… पुढं… थांबलाव काहून?… वाचा की…

ऐकलं. ऐकलं दोघींनीबी. टाळ्याबी ऐकल्या… अहो?… रडू नका, पोरं बघायलीत. साऱ्याइला सांगायचा रडू नका आन… बन्सीधरला द्या फोन. द्या त्याच्याकडं.

बन्सीधर? हां, काकूच. गुरुजीला पाणी दे बाबा… हो, मुलगी. न्हाई, न्हाई, तुला काही सरकवायचं न्हाई, सुटलास तू. ऐक, त्या केकवर कुणाचं नाव न्हाई ना?… मग आज त्यो कुणी कापायचा न्हाई तुमच्यातल्यानं. ज्याचा वाढदिवस हाय त्येनंच कापायचा असतोय. तिच्या नावानं गुरुजीच्या हातात सुरी दे… हो, तुमाला सगळ्याइला वाटा मिळंल, पाहुणे म्हणून.

दे त्येंना… हां. पाणी प्यालाव?… सांजच्याला या, आंघोळ करून या, खडूचे हात धुवून. आन शिरा घेऊन या घरून, रवा फडताळात हाय, येत नसंल तर केकला आलेल्या पोरींना लावा करायला… न्हाई, आता न्हाई बोलता येत. सिस्टर तिला माझ्याकडं द्यायलीय, दोनी हात लागतेत. ठेवते.

(दे गं माय, हिकडं दे.)