दुकान वाढवल्याबाबत

नाव दीपमाला गौरीशंकर अंदुरे, वय ४८ वर्षे, धंदा बांगड्यांचे दुकान, राहणार तुळजापूर, जि. धाराशिव.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, बसस्थानकाच्या रस्त्याला कृष्णराज माने यांचा लॉज आहे. त्याच्या तळघरातला गाळा माझ्या पतींनी भाड्याने घेतला होता. ते वारल्यापासून दुकान मी चालवते. घर आणि मुलगी समृद्धी हिचे शिक्षण त्याच दुकानावर आहे.

गाळ्याच्या कोपऱ्यात फरशीत नाहणी आहे, म्हणजे पाणी जाण्यासाठी जाळी बसवलेले भोक. लॉजच्या न्हाणीघरांचा पाइप आणि ही नाहणी पुढे एकच होतात. रस्त्याकडे पाइप तुंबला, की वरच्या यात्रेकरूंच्या आंघोळीचे पाणी माझ्या दुकानात उलटे येते. मालकांना अनेकदा सांगितले. "तुमच्या काचांनीच पाइप भरलाय," हे त्यांचे उत्तर. मी स्वतः हात घालून जे काढले त्यात शाम्पूच्या पुड्या, साबणाचे कागद आणि केसांचे गुंते होते. काचेचा एक तुकडा नव्हता. माझ्या दुकानात कोणाचे जावळ काढत नाहीत, हेही लिहून घ्यावे.

मालकांना तळघरात आणखी खोल्या काढायच्या आहेत. तोंडावर "निघा" म्हणता येत नाही म्हणून त्यांनी घाण पाण्याला पुढे केले, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी पाणी घोट्याच्या वर आले. खालच्या फळीवरची चुड्यांची खोकी भिजली. मी बादलीने उपसत होते. कृष्णराज माने जिन्यापर्यंत आले, खाली उतरले नाहीत. शेजारी कुंकवाचे दुकान असलेल्या लक्ष्मम्मा यांच्यासमोर ते म्हणाले, "बाई, लई झालं आता. दुकान वाढवा."

मी विचारले, "वाढवू?"

"व्हय, आजच वाढवा. लक्ष्मम्मा, तुमी साक्षीला हाव."

पाणी ओसरल्यावर त्याच दुपारी मी बब्रुवान गवंडी यांना बोलावले, नाहणी सिमेंटने बुजवून घेतली आणि तिच्यावर ओटा बांधला. ओटा वाळल्यावर त्यावर काचेचे कपाट ठेवले. जिथे पाय ठेवायची सोय नव्हती, त्या कोपऱ्यापर्यंत दुकान वाढले.

कोजागिरीला लॉज भरला. पाणी तळघरात आले नाही. ते तळमजल्याच्या खोल्यांत आणि मालकांच्या काउंटरखाली निघाले. इतकी वर्षे माझ्या पायाला लागत होते, तेव्हा ते पाणी होते. त्यांच्या पायाला लागले आणि नुकसान झाले, म्हणून माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे.

विचारल्यावरून सांगते की, दुकान वाढवणे म्हणजे दुकान बंद करणे, हे मला माहीत आहे. बांगड्या विकणाऱ्या बाईला हा शब्द शिकवायला नको. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. पती गेले तेव्हा बायकांनी माझ्या बांगड्या वाढवल्या. तेरावे झाले आणि मी दुकान उघडले. आज माझ्या हातात हिरवा चुडा आहे, तो मी माझ्या हाताने भरला आहे. लोक बोलतात, बोलू देत.

मालकांना बंद म्हणायचे होते तर बंद म्हणावे. गोड शब्दाने बाई गुपचूप निघून जाते, असे त्यांना वाटले. मी त्यांचाच शब्द पाळला आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

ओटा फोडून टाका, असे मला इथे सांगण्यात आले. फोडणार नाही. मालकांनी आधी रस्त्यापर्यंतचा पाइप साफ करून घ्यावा, मग खाली उतरून माझ्याशी बोलावे. मी दुकानातच असते.

हा जबाब हवालदारसाहेबांनी लिहिला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "गैरसमजातून नाहणी बुजवली" असे आले होते. मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, "राहू द्या की ताई, यानंच सुटाल तुम्ही." तो शब्द मी खोडायला लावला. त्या जागी "समजून उमजून" असे लिहिले आहे आणि बाजूला माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.