पाहायला दिलं, दाखवायला दिलं का?

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुधा चुकतं, असं मला माझ्या घरी रोज ऐकवलं जातं.

प्रश्न असा — एखादी गोष्ट मला दिसली, म्हणून ती तुम्हाला दाखवायचा अधिकार मला मिळाला का?

बघा, माना डोलल्या. काहींच्या 'हो' म्हणून, काहींच्या 'नाही' म्हणून, आणि तिकडे खांबाला टेकलेल्या काकांची झोपेनं. काका, झोपा, पण आख्यानात मुदपाकखाना येणार आहे. भूक लागली की आपोआप जाग येईल!

तर ऐका. देवडोंगर नावाचं एक क्षेत्र. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. डोंगरावर अन्नपूर्णेचं देऊळ, पायथ्याशी भक्तनिवास, आणि त्याला लागूनच मुदपाकखाना. दोघांत भिंत एकच. इकडच्या फोडणीनं तिकडच्या माणसाला ठसका लागावा, इतकी जवळीक.

मुदपाकखान्यात दामूतात्या आचारी. उभा जन्म त्या चुलीपुढं गेलेला. आणि भक्तनिवास सांभाळायच्या शरयूबाई मोघे, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला त्या अजून शिकवत होत्या.

या दोघांचा अबोला! कारण? बाईंनी भक्तनिवासात एक पाटी लावली — 'जेवणास उशीर झाल्यास मुदपाकखान्यास विचारावे.' झालं. तात्या म्हणाले, म्हणजे उशीर आम्ही करतो होय? त्या दिवसापासून तात्यांचा पाय तिकडं वळला नाही आणि बाईंचा इकडं.

आता अबोला तुमच्या-आमच्या घरातही असतो. पोरांकरवी निरोप जातात, काम चालतं. पण इथं प्रश्न पानांचा. आज किती माणसं जेवणार? उपास किती जणांचा? साखर कुणाला चालत नाही? हे बाईंना ठाऊक, आणि हवं तात्यांना. मग मध्ये कोण? वॉचमन! तो भिंतीपलीकडून ओरडून सांगायचा, "तात्या, बरेच आहेत!"

बरेच म्हणजे किती हो? बरेच म्हणजे डाळ किती भिजवायची?

एकदा भात उरला, एकदा वरण पुरलं नाही. मागच्या पौर्णिमेला तर उपासाच्या मंडळींना एकेका केळ्यावर भागवून झोपावं लागलं. विश्वस्तांनी तात्यांना बोलावलं आणि सांगितलं, की नवरात्रात एक जरी माणूस उपाशी उठला, तर दसऱ्यापासून स्वयंपाक बाहेरच्या केटररकडे देऊ. तुम्ही दमलात, आराम करा.

आराम करा! म्हाताऱ्या माणसाला याहून कडू शब्द दुसरा नाही, मंडळी. तात्या परत आले आणि नुसते चुलीकडे बघत बसले.

आता प्रवेश होतो भाच्याचा. तात्यांचा भाचा सारंग, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. नवरात्राची रजा काढून आलेला. मामाचा चेहरा बघितला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, एवढंच ना? देवस्थानचा डेटाबेस आहे, मी तुम्हाला व्ह्यू करून देतो.

तात्यांनी विचारलं, ते कशात तळायचं?

हसू नका, तुम्हालाही नसेल माहीत. सोपं करून सांगतो. डेटाबेस म्हणजे देवस्थानचं मोठं कोठार. कोठारात खोल्या, त्यांना टेबल म्हणतात. प्रत्येक खोलीला मालक. भक्तनिवासाचं टेबल शरयूबाईंचं. त्यात आलेल्या माणसाचं नाव, गाव, उपास, पथ्य, आणि शेवटी एक रकाना — कशासाठी आलात. नवस काय, दुःख काय. माणसं बाईंना सांगायची, आणि बाई लिहून ठेवायच्या, म्हणजे देवीपुढं संकल्प नीट सोडता येतो.

आणि व्ह्यू म्हणजे त्या खोलीच्या भिंतीला पाडलेली खिडकी! खिडकीत स्वतःचा माल काही नसतो. जेवढी उघडाल तेवढंच आतलं दिसतं. सारंगची कल्पना चांगली होती, नावं ठेवू नका. खिडकीतून तात्यांना दिसावा फक्त आकडा. माणसं इतकी, उपास इतके, बिनसाखरेचे इतके. नावं नाहीत, दुःखं नाहीत.

या कोठाराच्या किल्ल्या अच्युतराव खांबेट्यांकडे. बँकेतून निवृत्त झालेले, देवस्थानात सेवा म्हणून कॉम्प्युटर बघायचे. त्यांनी सारंगला 'सेवेकरी' गटात घातलं. त्या गटाला बाईंचं टेबल वाचायची परवानगी होती, अडीअडचणीला असावी म्हणून दिलेली. शिवाय खिडकी बांधायची परवानगी सारंगला स्वतःच्या नावानं दिली.

सारंग बसला. कोठाराला विचारलं, आज माणसं किती? आकडा आला! मामाला म्हणाला, झालंच समजा. मग तोच प्रश्न, अक्षर न अक्षर तोच, त्यानं खिडकी म्हणून कायमचा बसवायला घेतला.

आणि यंत्र म्हणालं — अधिकार पुरेसे नाहीत.

पोरगं चक्रावलं. आत्ता तर दिसत होतं! पुन्हा विचारलं, दिसतंय. पुन्हा बांधायला गेला, नाही. मशीन बंद करून चालू केलं. वॉचमन म्हणाला, खंडेनवमीला हत्यारांबरोबर याचीही पूजा घालू, तोवर नारळ फोडून बघा. नारळही फुटला. खोबरं वॉचमननं खाल्लं. खिडकी नाहीच!

शेवटी अच्युतरावांकडे. ते पान जमवत बसले होते. सारंग तणतणला, म्हणाला मला दिसतंय आणि बांधता येत नाही, हा कुठला न्याय? तुम्ही सगळ्याचे अधिकारी आहात, टाका ना मला अधिकार देऊन.

अच्युतरावांनी आधी सुपारी कातरली. मग म्हणाले, "तुला दिसतंय ते गळ्यातल्या सेवेकऱ्याच्या बिल्ल्यामुळं. बिल्ला काढला की तू बाहेरचा. आणि खिडकी तर कायमची राहणार. बिल्ल्यावर कुणी भिंत उभी करतं का? मालकानं तुला तुझ्या नावानं परवानगी दिली, तरच ती उभी राहील."

"पण तुम्हीही देऊ शकता की."

"देऊ शकतो. देणार नाही. टेबल शरयूबाईंचं आहे."

अहाहा! किल्ल्या हातात असून दुसऱ्याचं कुलूप न उघडणारा माणूस! मंडळी, मी देवळाबाहेरही कधी कधी नमस्कार करतो तो अशांना करतो.

म्हणजे आता बाईंकडे जाणं आलं. आणि सारंग बाईंच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरला. का? चौथीत बाईंनी त्याला बाकावर उभं केलं होतं. माणूस पुण्यात कितीही मोठा होवो, चौथीच्या बाईंपुढं तो चौथीतच असतो. गेला बिचारा. मामाचं नाव काढलं तर काम बिघडेल म्हणून काढलंच नाही. एवढंच म्हणाला, की बाई, मला तुमचं टेबल वाचायची परवानगी माझ्या नावानं हवी आहे, देवस्थानच्या कामासाठी.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. चांगला मुलगा, देवीचं काम करतोय. परवानगी दिली. आणि काय सांगू — पहिल्या फटक्यात खिडकी उभी! चौकट छान, आकडे स्वच्छ.

सारंग नाचतच मुदपाकखान्यात आला. तिथं तात्यांसाठी कॉम्प्युटरचा एक पडदा लावला होता, मुदपाकखान्याच्या वेगळ्या नावानं उघडणारा. तात्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, देवीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

यंत्र म्हणालं — अधिकार नाहीत.

ओळखलंत? शाबास, पेटीवाल्यांनी ओळखलं! बाईंनी सारंगला दिलं ते पाहायला. पुढं दुसऱ्याला दाखवायची मुभा निराळी असते, ती मालकाकडून निराळी मागून घ्यावी लागते. खिडकी याची, पण खिडकीतून दिसतं ते बाईंचं. बाईंनी मुभा दिलेली नाही, तोवर सारंगला आपल्या खिडकीपाशीसुद्धा दुसऱ्या कुणाला उभं करता येत नाही. केवढा हा विवेक! आपल्याकडे एकाला लग्नाचं आमंत्रण दिलं तर घरचे, दारचे, आणि गाडीचा ड्रायव्हर!

आता सारंगनं काय करायला हवं होतं? परत बाईंकडे जायचं, खरं कारण सांगायचं. पण नवरात्र परवावर आलेलं, आणि अबोल्याच्या मध्ये कोण पडणार? त्यानं सोपा रस्ता काढला. आपला पासवर्ड मामाला देऊन टाकला. म्हणाला, "मामा, माझ्या नावानं शिरा. कुणाला काय कळतंय?"

मंडळी, जिथं 'कुणाला काय कळतंय' हे शब्द येतात ना, तिथं कथेत गडबड होते. लिहून ठेवा.

सकाळी तात्या शिरले. सारंगच्या नावानं. पण त्यांना कुठलं बटण खिडकीचं आणि कुठलं खोलीचं हे काय माहीत? बोट पडलं ते थेट टेबलावर. आकडा नाही, सगळी माणसंच समोर! नावं, गावं, आणि शेवटचा रकाना. तात्यांची नजर एका ओळीवर गेली. वाचून झाल्यावर त्यांनी पडदा मिटला.

काय होतं त्या ओळीत?

पुढं सरकू नका. मला ठाऊक नाही. तात्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुपारी पंगत बसली. तात्या वरण वाढत निघाले. एक बाई बसली होती, आठवडाभर रोज तिथंच बसायची, रोज दोनदा वरण घ्यायची, तात्यांना नावानं माहीत झालेली. तिनं भातात खळगा केला आणि वर बघितलं. तात्यांचा डाव तसाच हवेत राहिला. काल ती नुसती भुकेली भक्त होती. आज तात्यांना तिचं सगळं माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. तात्यांनी डाव वाढप्याच्या हातात दिला, आणि पंगतीच्या कडेनं चालत, पाटीखालून, सरळ शरयूबाईंच्या खोलीत गेले.

बाई बघतच राहिल्या.

तात्या म्हणाले, "बाई, मी तुमचं टेबल उघडलं. सारंगच्या नावानं."

"काय वाचलंत?"

"एक ओळ. ती माझ्या तोंडून निघायची नाही."

तात्या दाराशीच उभे.

"मला माणसं किती ते कळू दे, बाई. कोण कशाला आलंय ते कळू नये, असं काहीतरी करा. मला त्यांना वाढायचं असतं. सगळं माहीत असलं की हात चालत नाही."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "बसा तात्या," म्हणाल्या. आणि सारंगला, अच्युतरावांना बोलावणं गेलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्या मुलाची मला दया येते. आधी बाईंनी पासवर्ड बदलायला लावला, समोर उभं करून. मग खिडकी दाखव म्हणाल्या. स्वतः डोकावल्या, उजवीकडून, डावीकडून. नाव दिसत नाही ना? गाव? शेवटचा रकाना? नाही दिसत. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, बाई."

"नाहीच म्हटलं असतं. आणि मग तात्यांना पाठव, असं म्हटलं असतं."

आणि बाईंनी स्वतःच्या हातानं, एका बोटानं एकेक अक्षर शोधत, हुकूम लिहिला. अच्युतराव सांगत होते, बाई लिहीत होत्या, आणि मध्येच अच्युतरावांचं शुद्धलेखन सुधारत होत्या. सारंगला टेबल वाचायची परवानगी, पुढं दाखवायच्या मुभेसह. सारंगनं मग मुदपाकखान्याला तेवढी खिडकी दिली, खोली नाही.

बाईंनी विचारलं, मी उद्या सारंगची परवानगी काढून घेतली तर? अच्युतराव म्हणाले, त्याच क्षणी खिडकी बंद, तात्यांचीही. "बरं आहे," बाई म्हणाल्या. फारच समाधानानं म्हणाल्या.

घटस्थापनेला एसटी भरभरून आल्या. तात्यांच्या पडद्यावर आकडा चढत होता, तसं आधण चढत होतं. उपास वाढले, वरीचे तांदूळ वाढले. शेवटच्या पंगतीला विश्वस्त बसले, गुपचूप दुसऱ्यांदा आमटी घेतली आणि हात धुवायला गेले. केटररचं नाव पुन्हा निघालं नाही. नऊ दिवसांत उपाशी कुणी उठलं नाही. आणि ती पंगतीतली बाई? तिच्या पानापाशी तात्या रोज थांबले, आणि सगळ्यांना म्हणायचे तेच म्हणाले, "थोडा भात घ्या, वरण गरम आहे."

तिनं घेतला. तात्यांनी काही ओळखलं असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही. अधिकाराशिवाय पाहिलेलं त्यांनी असं सांभाळलं.

आता तात्यांना सोडा. आपलं बोलू या.

आपल्याला किती दिसतं हो! घरातलं माणूस म्हणून, शेजारी म्हणून, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलो म्हणून. सुनेचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात. शेजारच्या मुलाचा निकाल त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळतो. कुणी विश्वासानं फोन हातात देतं, एक फोटो बघायला, आणि आपला अंगठा पुढच्या फोटोवर जातो. हे सगळं बिल्ल्यावरचं पाहणं! त्या माणसानं आपल्याला आपल्या नावानं बोलावून दाखवलं का? आणि दाखवलं असेल, तर पुढं दाखव असं म्हटलं का? नसेल म्हटलं, तर खिडक्या पाडू नका. फारच गरज असेल, कुणाच्या तोंडी घास जायचा असेल, तर मालकाच्या दारात जा. लाज वाटते, चौथीतल्यासारखं वाटतं, तरी जा. आणि घासापुरतंच मागा.

आता आरतीचं ताट येतंय. उठायच्या आधी एक करा. आज कुणाचं तरी काहीतरी तुमच्या मनात असेल, जाताना शेजारणीच्या कानात सांगायचं ठरवलं असेल. ते इथं, देवीच्या पायांशी ठेवून उठा. तिला सगळ्यांचं सगळं दिसतं, मंडळी. आणि आजवर तिनं कुणाचं कुणाला सांगितलेलं नाही.