अस्वलाचा चॅप्टर

मी आळशी, म्हणून पीएचडी सोडली, असं इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबातले सगळे मराठी काका-काकू सांगत फिरतात. खरं काय झालं ते ऐक.

वायव्य कॉकेशसच्या भाषांमधले प्राण्यांचे अतिप्राचीन शब्द शोधून काढायचे, हा माझा विषय. अस्वलापाशी गाडी अडली. माझं म्हणणं, तिथले शिकारी भीतीपोटी अस्वलाचं नावच घेत नसत, आडून बोलत. मग आज सापडतो तो शब्द मूळचा कशावरून?

गाइड आमचेच, पुण्याचे. म्हणाले, "अडाण्यांच्या समजुती थीसिसमध्ये नकोत. हा चॅप्टर काढ, नाहीतर मी सही करणार नाही." दोन वर्षं घातली होती मी त्यात.

विनवायला रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर गॅरेजमध्ये हा लांबलचक ब्राउन स्नेक! सर टुणकन गाडीच्या बॉनेटवर. तिथूनच साप पकडणाऱ्याला फोन लावला आणि इंग्रजीत सांगायला लागले, "एक लांब... लांब प्राणी आलाय."

स्पीकरवर तो म्हणाला, "स्नेक का, मेट?"

सर पुन्हा तेच, "लांब... लांब प्राणी!" दारातून काकू ओरडल्या, "अहो, तिन्हीसांजेला नाव घेऊ नका त्याचं!"

"कळतं मला!"

मी म्हटलं, "सर, मग चॅप्टर ठेवू ना?"

"तुझे शिकारी अडाणी होते," सर वरूनच गरजले. "आपल्या प्रथांमागे शास्त्र आहे!"

मी त्यांच्या हातातला फोन घेतला, मोठ्याने 'स्नेक' म्हणालो, पत्ता दिला आणि पीएचडी तिथेच सोडून घरी आलो.