एलादिओची ठेच

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष मोन्सेरातेबाई, पियानोपासून लांब बसवल्यामुळे अवघडून गेलेले आमचे मास्तर फर्मीन आलिसेआ, व्यासपीठावरचे पाहुणे, आणि हे भाषण कधी एकदा संपतं म्हणून जमिनीवर बूट घासत बसलेले पोन्से बंदरातले समस्त नाचरे,

हे भाषण लिहायला मला भरपूर वेळ दिला होता. मी ते आज दुपारी, तळलेल्या केळ्यांच्या गाडीपाशी, कागदी पिशवीवर लिहिलं. आळस म्हणाल तर तो आहेच. पण खरं कारण पुढे येईल.

'ब्रीसा देल मुएये', म्हणजे धक्क्यावरची झुळूक, हा बँड धक्क्यावरच्या हमालांनी उभा केला. बंदरातली निम्मी लग्नं याच्या साल्सावर जुळली, काही मोडलीही. अध्यक्षबाई, मी नावं घेत नाही. मी यात भोपळा खरवडतो, खाचा पाडलेला, काडीने, तालात. मधूनच पळून जातो, मास्तर परत घेतात. म्हणतात, "तू मांजर आहेस. भूक लागली की घर आठवतं." आता मास्तरांची बोटं वळत नाहीत, म्हणून आज बँड थांबतोय. उद्या भूक लागली तर मी कुठे जायचं?

असो. 'खेकडेवाली' ही आपली रेकॉर्ड कोणाला ठाऊक नाही? तिच्यात मध्येच ताल धरणारी घंटा एकीकडे जाते आणि सगळा बँड दुसरीकडे. तिथे आपण पाय उचलून क्षणभर थांबतो. परगावचा माणूस नेमका तिथे आपटतो आणि आपण हसतो. त्या थांबण्याला आपण 'एलादिओची ठेच' म्हणतो, कारण घंटा एलादिओ सिन्त्रोनच्या हातात होती. रेकॉर्ड ऐकून मास्तर त्याला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ती घंटा बकरीच्या गळ्यात बांध. ती तुझ्यापेक्षा बरी वाजवेल." एलादिओ घंटा उचलून निघाला, तो थेट शिकागोला. तेव्हापासून मास्तरांनी घंटेवर बसणाऱ्या प्रत्येकाला ती चूक जशीच्या तशी शिकवली.

थंडी संपता संपता मी शिकागोला निघालो, तेव्हा मास्तर म्हणाले, "एलादिओला गाठ. म्हणावं, शेवटच्या नाचाला ये. घंटेची खुर्ची रिकामी ठेवतोय."

मी आधी भलत्याच गल्लीत शिरलो, तिथल्या न्हाव्याने माझं हे डोकं असं करून ठेवलं, ते जाऊ द्या. दार एलादिओच्या मुलीने, नेरेइदाने उघडलं.

"बाबा गेले. फेब्रुवारीत."

मी तरीही निरोप सांगितला. ती म्हणाली, "ती रेकॉर्ड लावून बाबा सोबत घंटा वाजवायचे. त्या जागेवर आले की थांबायचे. म्हणायचे, पोरी, नीट ऐक आणि माझं कुठे चुकलं ते सांग. मी काय सांगणार? तुमच्या मास्तरांना विचारा." आणि दार लावलं.

परत येऊन मी मास्तरांना विचारलं. ते कॉफी ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

"त्याचं नव्हतं रे चुकलं. पियानोवर मीच एक ठोका आधी शिरलो. सगळा बँड माझ्यामागे आला. एकटा एलादिओ जागेवर राहिला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मी मास्तर होतो ना." मग चमचा बशीत ठेवून म्हणाले, "सगळ्यांसमोर तू सांग. मला नाही जमायचं."

मास्तर, सांगितलं. हेच कसं लिहावं ते कळेना, म्हणून आज दुपारपर्यंत कागद कोरा होता.

नेरेइदालाही मी फोनवर सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मंडळी, एका बरोबर माणसाच्या नावाने आपण इतकी वर्षं अडखळलो. नाचायचं तसंच नाचा, पण यापुढे त्या ठेचेला 'फर्मीनची ठेच' म्हणा, एवढीच मास्तरांची विनंती आहे. आपण पाय थांबवून ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. शिकलेला माणूस नाही मी. कुठे जीभ घसरली असेल तर पोटात घाला.

पिशवीवर एवढंच लिहिलं होतं. पण मागच्या दाराशी, या उकाड्यात, जाडजूड लोकरी कोट घातलेली एक बाई उभी आहे. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आहे. मास्तर, तुम्ही उठू नका, नेरेइदाच येतेय.

अहो, कोणीतरी त्या घंटेच्या खुर्चीवरच्या टोप्या उचला.