शिट्टीनंतरचे सात सेकंद

सचिव : ताई, उगाच आवाज चढवू नका. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघाची यादी काल लागली, आता तिच्यात बदल होत नाही.

बहीण : आवाज चढणारच. माझ्या धाकटीनं काल अंतिम कुस्ती चीतपट मारली आणि यादीत नाव हरलेलीचं. हा कुठला न्याय?

सचिव : चीतपट मारली, मान्य. पण शिट्टी झाल्यावर सात सेकंद पकड सोडली नाही. खालच्या मुलीचा खांदा निखळला असता. बेशिस्तीला बाद करतात. नियम सगळ्यांना सारखाच.

बहीण : तिला ऐकू येत नाही, साहेब. जन्मापासून.

सचिव : म्हणूनच म्हणतो, अशांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. तिथं खेळवा की. आम्ही छान सत्कार करू.

बहीण : सत्कार राहू द्या तुमच्याकडेच. आणि माझ्याकडे काय बघता? ती समोर बसलीय, तिच्याकडे बघून बोला. तिचं म्हणणं तुम्हाला सांगायला मी अर्धी रजा टाकून आलेय, एवढंच.

सचिव : बरं. काय म्हणणं आहे तिचं?

(धाकटी हातांनी बोलते.)

बहीण : विचारतेय, ती शिट्टी कशाची होती?

सचिव : कशाची म्हणजे? कुस्ती संपल्याची.

बहीण : कोण जिंकलं म्हणून संपली?

सचिव : तीच जिंकली.

बहीण : म्हणजे आपण जिंकलो हे तिला कळलं नाही, म्हणून तुम्ही तिला हरवलंत.

सचिव : शब्दात पकडू नका हो. हे कालचे पंच इथंच बसलेत, त्यांना विचारा.

बहीण : विचारतेच. पंचसाहेब, सकाळी वजनं झाली तेव्हा काय ठरलं होतं? शिट्टी वाजवली की तिच्या पाठीवर थाप मारायची. तुम्ही मान डोलावलीत. वस्तादांनी तिला तेच शिकवलंय, थाप पडेपर्यंत पकड ढिली करायची नाही.

पंच : ठरलं होतं तसं.

सचिव : मग सात सेकंद तुम्ही काय करत होतात?

पंच : शिट्टी वाजवत होतो. तीनदा वाजवली.

बहीण : तीनदा! डोकं ठिकाणावर होतं का? शेवटी हिनंच मान वर करून तुमच्याकडे बघितलं, म्हणून ती मुलगी सुटली.

सचिव : थांबा, ताई. अहो, पण थाप का नाही मारलीत?

पंच : ऐनवेळी सुचलंच नाही. मी धरूनच चाललो होतो, की खाली हीच असेल.

सचिव : हे तुमच्या अहवालात नाही.

पंच : नाही. आता लिहून देतो.

सचिव : तिला सांगा, ताई, हे काय म्हणाले ते.

बहीण : सांगायला नको. त्यांच्या तोंडाकडेच बघत होती ती.

सचिव : द्या ती यादी इकडे. कालचं नाव खोडतो. उद्या सकाळी गाडी निघेल, वेळेवर या म्हणावं. आता आणखी काय म्हणतेय?

बहीण : नावापुढे कंसात ‘कर्णबधिर’ लिहिताय, ते लिहू नका म्हणते. तिथल्या पंचांना कळवायचं ते पत्र वेगळं द्या. बाकीच्या मुलींच्या नावापुढे नुसतं वजन आहे. हिचं त्रेपन्न किलो लिहा.