‘ळ’ न काढणारी मशीन

माह्यावर कोणी इश्वासच ठेवला नाही, बाई! नवरीच्या ब्लाऊजवर ‘कमळ’ हे तिचं नाव भरायचं होतं, लग्न दोन दिवसांवर, अन् भरतकामाच्या नव्या मशीनमधल्या मराठी अक्षरांत ‘ळ’च नव्हता.

माही भाची सुनीता कॉम्प्युटरवाली. तिनं बनवलेला ‘ळ’ जुनी मशीन झटक्यात काढे. ती मशीन आमच्या दिरानं इकली. नवी म्हणे, बाहेरचं अक्षर चालत नाही.

दीर हासले. “वहिनी, चौथी शिकल्या तुमी, भलतंच बटन दाबलं असन!”

कंपनीचा पुण्याचा माणूस अकोल्याले आला. “ताई, ही मशीन आमचीच अक्षरं घेते. आणि तुम्ही वऱ्हाडी तर ‘ळ’ला ‘य’च म्हणता ना?”

“म्हणतो ‘य’, पण लिवतो ‘ळ’! मशीन माह्या घरात, अन् अक्षर काय तुह्या बापाचं?”

शेवटी ‘ळ’ मी हातानं, सुईनं काढला.

त्या माणसानं कागदावर लिहिलं, मशीन बरोबर, चूक मालकाची. दिरानं ते माह्याकडं पाहत मोठ्यानं वाचलं, अन् खालची ओळ दिसताच कागद घडी करून खिशात घातला. मशीन घेतानी हौसेनं त्यायनंच मालक म्हणून आपलं नाव टाकलं होतं: श्री. सुधाकरराव.