एकाच मापाच्या गोळ्या

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? मित्रांवर की स्वतःच्या सवयीवर?

अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या माझ्या किराणा दुकानात सगळ्या बरण्यांना एकच झाकण बसतं. त्याच न्यायानं मी तिन्ही पिस्तुलं नाइन एमएमची, म्हणजे एकाच मापाची गोळी बसणारी, घेतली. गोळ्यांचा कुठलाही बॉक्स उचला, चालतो. हे शहाणपण मी डॉक्टर कुलकर्णीकाकांना आणि शेजारच्या निखिलला शिकवलं, तिथंच फसलो. दोघांनीही नाइन एमएम घेतलं आणि दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या न आणताच यायला लागले.

"आपलं माप एकच ना रे," म्हणत काका माझ्या बॉक्समध्ये हात घालायचे.

म्हटलं, बास! हट्टानं फोर्टी-फाइव्हचं चौथं पिस्तूल आणलं. त्याच्या गोळ्या जाड. रविवारी तेवढंच घेऊन गेलो आणि ऐटीत म्हणालो, "काका, आज माझ्या गोळ्या तुम्हाला बसायच्या नाहीत."

काकांनी बॉक्स उघडला. "बसतायत की!"

सवयीनं मी नाइनचाच बॉक्स उचलला होता, आणि त्या गोळ्या माझ्या नव्या पिस्तुलात चालणाऱ्या नव्हत्या.

"काका, तुम्ही कशाला थांबता? यार, हा तर नुसता बघायला आलाय!" निखिल म्हणाला. दोघांनी बॉक्स संपवला.

हट्ट मात्र मी सोडलेला नाही. येत्या रविवारी दोन्ही बॉक्स नेणार, नाइनचा त्यांच्यासाठी, फोर्टी-फाइव्हचा माझ्यासाठी. तुम्हीही या, हव्या तेवढ्या उडवा. फक्त किती उडवल्या, त्याचा हिशोब खरा ठेवा.